योनावाचा वारा

या, बसा असे पुढं. पाशिलकरांच्या घरातलं मागचं तुम्हाला ठाऊक असेल तर बरंच, नसेल तरी काही अडत नाही. आज मी तुम्हाला त्या घरातला एकच रविवार सांगतो. एक बाप होता, एक मेलेला पोरगा होता आणि एक गाव होतं, जे त्या बापानं कधी डोळ्यानं पाहिलं नाही. ऐकून झालं की तुमच्याकडं एक मागणं आहे, पण ते शेवटी. आधी चहा संपवा.

रघुवीर पाशिलकर मूळचा रोह्याचा. तिथल्या एमआयडीसीत वेल्डर होता. मग बायकोला, आशाला, इथं इंग्लंडात नर्सची नोकरी लागली आणि तिच्या मागोमाग हा आला. हीथ्रोवर लोकांच्या बॅगा चढवता-उतरवता कंबर गेली आणि केसांचा रंगही गेला. आता किडन्यांनी हात वर केलेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दंडावर ही एवढी फुगलेली शीर. त्याचा थोरला नकुल. ऑगस्टात वेअरहाउसमध्ये काम करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या. माणूस असा अचानक गेला की इथं कॉरोनर, म्हणजे मरणाची चौकशी करणारा सरकारी अधिकारी आला, पोस्टमॉर्टेम आलं. अग्नी मिळेपर्यंत सप्टेंबर सरला. नकुलची बायको रासा, लिथुआनियाची, तेव्हा भिंतीकडं बघत बसायची. म्हणून सगळी धावपळ धाकट्या शार्दूलनं केली आणि अस्थी त्याच्याच हातात पडल्या.

अस्थी म्हणजे काय, आपल्याकडं मडकं असतं, वर फडकं असतं. इथं देतात प्लॅस्टिकची बरणी. मरून रंगाची, फिरकीच्या झाकणाची, वर नावाचं लेबल. शार्दूल ती पोटाशी धरून दारात उभा राहिला.

"बाबा, कुठं ठेवू?"

"घरात नाही आणायच्या," रघुवीर म्हणाला. "अस्थी घरात आणत नाहीत. मागं झाडाला बांध."

"बाबा, रोज कोल्हा येतो मागं. खारी आहेत. झाडाला काय बांधू?"

आता रोह्याला बापजाद्यांनी नियम केला तेव्हा हाउन्सलोच्या कोल्ह्याचा विचार कुणी केला होता? रघुवीर थोडा वेळ पेरच्या झाडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "शेडमध्ये ठेव. दोन दिवसांचा तर प्रश्न." सोमवारी सकाळची बोट ठरली होती. रिचमंडच्या पुढं, थेम्समध्ये विसर्जन. आणि रासाला यातलं कुणीच काही बोललं नव्हतं. रविवारी ती येणारच आहे, समोरासमोर सांगू, असं ठरलं.

ती आली ती स्वतःचं काहीतरी ठरवून. सगळी भानगड इथंच.

दुपारची वेळ. फ्रंट रूममध्ये रघुवीर त्याच्या खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट. हॅरोहून लेक वैभवी आलेली, तिनं आणलेले ढोकळे तसेच झाकून पडलेले. शार्दूल खिडकीत. नकुल-रासाच्या लेकीनं, अन्वीनं, आल्या आल्या "आजी, माझा स्कूटर कुठं आहे?" विचारलं आणि ती मागच्या बागेत पळाली. सात वर्षांची आहे. कुणाला तिला थांबवायचं सुचलं नाही.

बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत चाललं होतं. रासाला मराठी येते, पण राग आला की लिंग-वचन सगळं सांडतं. मी आपल्या भाषेत सांगतो.

"बाबा, आई," रासा कोट न काढताच म्हणाली, "मी नकुलला योनावाला घेऊन जाते. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेच्या आत. माझ्या आजीच्या कबरीशेजारी जागा आहे." योनावा म्हणजे तिचं लिथुआनियातलं गाव.

रघुवीरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय आहे त्या योनावात?"

"बाबा," वैभवी म्हणाली, "हा काय प्रश्न झाला?"

"का? पोरगा न्यायचाय म्हणते, मग गाव कसलं ते विचारू नको? मुलगी देताना विचारतात, मुलगा पुरताना विचारू नये?"

रासा बसली. कोटाच्या बाहीतून हात काढले. "विचारा," म्हणाली.

"विचारलं की. काय आहे?"

"नदी आहे. नेरिस. थेम्ससारखी सुस्त नाही, पाणी पळतं. खताचा कारखाना आहे, गावाबाहेर. माझे बाबा तिथंच होते. फर्निचरचे कारखाने आहेत. पाच मजली जुन्या बिल्डिंगा, रशियन लोकांनी बांधलेल्या, सगळ्या एकसारख्या. लहान असताना मी एकदा दुसऱ्याच्याच घरात जाऊन जेवायला बसले होते." तिला थोडं हसू आलं, पण ते खोलीत कुणी उचललं नाही. "आजूबाजूला पाइनचं जंगल. छोटी छोटी खेडी. त्यातली काही जुना पंथ पाळणाऱ्या रशियन लोकांची, ते अजून दाढ्या वाढवतात. पलीकडं रुक्ला, तिथं मिलिटरी आहे आणि निर्वासितांचं सेंटर. आणि मे महिन्यात नाइटिंगेल. इतके ओरडतात की झोप लागत नाही. गाव स्वतःला त्यांची राजधानी म्हणवून घेतं."

"कारखाना चालतो?"

"गॅस महागला तसा कधी चालू, कधी बंद."

"आणि माणसं?"

"माणसं?" रासानं खांदे उडवले. "माणसं इथं आहेत, बाबा. हाउन्सलोला. पीटरबरोला. माझ्या वर्गातली अर्धी मुलं या देशात बॉक्स पॅक करतात."

"म्हणजे जिथून सगळे पळाले, तिथं माझ्या पोराला नेऊन टाकायचं?"

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. हाउन्सलोत विमान जाताना कुणी ओरडून बोलत नाही. वाक्य आहे तिथं सोडायचं, आवाज गेला की तिथूनच उचलायचं. चाळीस वर्षांची सवय. भांडणंसुद्धा अशी हप्त्याहप्त्यानं होतात इथं. कपाटातल्या कपबशा थरथरल्या, थांबल्या.

"पळाले," रासा म्हणाली. "पण त्या एका दिवशी परत येतात. एक नोव्हेंबरला. कुठून कुठून येतात, बाबा. विमानांत जागा नसते. सगळ्यांची माणसं तिथं मातीत आहेत ना. काचेच्या भांड्यात मेणबत्त्या लावतात. गावात नोकरी नाही, तरुण माणूस नाही, पण त्या संध्याकाळी कबरस्तानात पाय ठेवायला जागा नसते."

आशाताई इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आपल्यात पुरत नाहीत, रासा."

"तो जाळलाय ना, आई. तुमचं झालं. आता राख आहे. राख मी मातीत ठेवते."

"राख वाहत्या पाण्यात सोडतात. जीव अडकत नाही मग."

"मला अडकायला पाहिजे," रासा म्हणाली. "मी काय करू? मला तो अडकलेलाच पाहिजे."

वैभवीनं उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, ती बायको आहे त्याची. तिचा हक्क पहिला. बाबा, तुम्हाला पटो न पटो."

"तू अकाउंटंट आहेस का वकील?" रघुवीर म्हणाला.

"मी बहीण आहे. आणि मला काही प्रॉब्लेम नाही. वर्षातून एकदा मीपण जाईन तिकडं. ल्यूटनहून डायरेक्ट फ्लाइट आहे. तीन तासांचा तर—"

"आम्ही दोघी तिथंच राहणार," रासा म्हणाली.

वैभवीचा हात खांद्यावरच राहिला, पण त्यातलं वजन गेलं.

"म्हणजे? अन्वी?"

"माझी आई एकटी आहे. रुक्लाच्या सेंटरमध्ये इंग्रजी येणारी माणसं पाहिजेत. मला इथं भाडं झेपत नाही, वैभवी. आणि त्या घरात झोपता येत नाही."

"अन्वीची शाळा? तिचे फ्रेंड्स? तिला ती भाषा तरी येते?"

"माझ्याशी काय बोलते ती, चिनी?"

"नाही, नाही. सॉरी. हे तू आधी सांगायला पाहिजे होतंस." वैभवी हात काढून आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. बघा, दोन पावलांचा गालिचा, पण तो ओलांडला की माणूस या पार्टीतून त्या पार्टीत. "दादा गेला, आता त्याची मुलगीपण न्यायची? आम्हाला काय ठेवणार तू?"

रघुवीरला हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. लेक त्याच्या बाजूला आली होती. पण त्याला बरं वाटलं नाही. त्यानं शार्दूलकडं बघितलं. सांग तिला, असं डोळ्यांनी म्हणाला.

शार्दूलनं घसा खाकरला. "वहिनी, उद्या सकाळी बोट ठरलीय."

"कसली बोट?"

कुणी बोलेना. विमानही येईना मदतीला.

"कसली बोट, शार्दूल? अस्थी अजून क्रिमेटोरियमला आहेत ना?"

आणि नेमकी तेव्हा अन्वी आत आली. एका हातात स्कूटर, गुडघ्याला चिखल.

"आजोबा," ती म्हणाली, "शेडमध्ये एक डबा आहे. त्याच्यावर पपाचा नाव आहे."

रासा कशी उठली, खुर्ची कशी पडली, कुणाला कळलं नाही. ती स्वयंपाकघरातून मागच्या दारानं ओल्या गवतात, पायात नुसते मोजे. तिच्या मागं शार्दूल, त्याच्या मागं वैभवी. रघुवीर त्यांच्या मागं, भिंत धरून धरून.

शेड म्हणजे काय, सगळ्यांची असते तीच. लॉनमोवर. अर्धे वापरलेले रंगाचे डबे. गांधीलमाशीचा स्प्रे. रोह्याहून आणलेली जुनी ट्रंक. आणि फळीवर, लाल कापडात गुंडाळलेला नकुल. कापड एका बाजूनं सरकलेलं, लेबल दिसत होतं.

रासा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही माझा नवरा शेडमध्ये ठेवली."

"वहिनी, दोन दिवसच—"

"लॉनमोवरच्या शेजारी. पेंटच्या शेजारी." मग रघुवीरकडं वळली. "माझी आजी गेली तेव्हा आम्ही तिला रात्रंदिवस एकटं सोडलं नाही. तिच्या खोलीत मेणबत्त्या लावल्या. शेजारी आळीपाळीनं येऊन बसायचे, गाणी म्हणायचे. गरीब गाव आहे आमचं, बाबा. कारखान्याचा वास येतो. पण माणूस मेला तर त्याला अडगळीत टाकत नाहीत."

आता बघा. रघुवीर तिला सांगू शकला असता की ही अडगळ नाही, हा मान आहे. आपल्यात अस्थी उंबरठ्याच्या आत घेत नाहीत, त्यात प्रेम कमी-जास्तीचा प्रश्न नाही. सगळे शब्द त्याच्या तोंडात होते. पण समोर लॉनमोवर दिसत होता. नियम रोह्याला बरोबर होता, झाडाला लाल गाठोडं वाऱ्यावर हलायचं, येणारा जाणारा हात जोडायचा. इथं नियम तोच राहिला आणि त्याची शेड झाली.

"इकडं बघ," आशाताई म्हणाली.

ती मागून येऊन शेडच्या दाराशी वाकली होती. दाराच्या आडोशाला एक स्टूल होतं, त्याच्यावर उशी. खाली पणती, वात जळून काळी पडलेली. आणि एक कप. चहा भरलेला, थंड, वर साय.

"शुक्रवारपासनं मी इथं बसते," आशाताई म्हणाली. "सकाळी आणि संध्याकाळी. यांना माहीत नाही, हे झोपलेले असतात. दोन साखरांचा चहा. त्याच्याशी बोलते. मी हॉस्पिटलात मेलेली माणसं पुष्कळ धुतली, रासा. एकालाही एकटं सोडलं नाही वॉर्डातून न्यायला येईपर्यंत. माझ्या पोराला सोडेन?"

रासा कपाकडं बघत राहिली. मग मोज्यांनिशी ओल्या गवतातच खाली बसली. सासू स्टुलावर, सून गवतावर, मध्ये तो चहा. शार्दूल आणि वैभवी पोरांसारखे बाजूला उभे.

वैभवीच म्हणाली, कुणीतरी म्हणणारच होतं ते. "अर्ध्या अर्ध्या करू या ना. आपल्यात करतातच की. थोड्या नाशिकला, थोड्या काशीला. अर्ध्या उद्या थेम्समध्ये, अर्ध्या रासा नेईल."

"तो माणूस आहे, केक नाही," रासा म्हणाली.

"अगं, पण शास्त्रात चालतं—"

"वैभवी," आशाताई म्हणाली, "पोस्टमॉर्टेमला एकदा चिरला त्याला. आता पुरे. माझ्या लेकाचे आणखी तुकडे करायचे नाहीत. जाईल तिथं सगळा जाईल."

रघुवीरनं बायकोकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळत होतं की हे वाक्य थेम्सच्या बाजूचं नव्हतं. पायाखालची एक एक वीट सरकत होती.

"मग उद्या सगळा थेम्समध्ये," तो म्हणाला. "बोट ठरलीय. मी सांगतो ते ऐका. बाप आहे मी."

"का, बाबा?" रासानं खालूनच विचारलं. "लग्न झालं तेव्हापासून बोलावते तुम्हाला. नकुल दरवर्षी म्हणायचा, या वेळी बाबा येणार. माझ्या बाबांनी तुमच्यासाठी गळ आणून ठेवला होता, मासे पकडायला. ते गेले, गळ तसाच आहे. तुम्ही योनावा एकदा पण बघितला नाही. मग तुम्हाला त्याचा एवढा राग का?"

"नदीच पाहिजे तर इथं आहे नदी."

"नकुलला तिथं राहायचं होतं."

"कोण म्हणतं?"

रासानं नजर गवताकडं वळवली. आणि शार्दूल, जो इतका वेळ बापाच्या बाजूनं उभा होता, त्यानं मान खाली घातली. रघुवीरच्या ते नजरेतून सुटलं नाही.

"काय रे?"

"काही नाही."

"शार्दूल."

"दादा जाणार होता, बाबा. गेल्या वर्षीच. वेअरहाउसला कंटाळला होता. मला पार्किंगमध्ये सांगितलं होतं त्यानं. तिकडं सासऱ्याची बाग आहे, काकड्या लावीन, अन्वीला जंगल मिळेल म्हणाला."

"मग गेला का नाही?"

"जाऊ दे ना, बाबा."

"मी विचारतोय. गेला का नाही?"

शार्दूलनं आईकडं बघितलं. आशाताईनं डोळे मिटले. तिला ठाऊक होतं तर.

"तुमचं डायलिसिस सुरू झालं," शार्दूल म्हणाला. "म्हणून थांबला."

विमान आलं. या वेळी फार खालून आलं, पोटावरची अक्षरं वाचता येतील इतक्या खालून. शेडचा पत्रा वाजला, आतले रंगाचे डबे एकमेकांवर किणकिणले. सगळे वाट बघत राहिले, आवाज गेला की रघुवीर काय बोलेल याची. आवाज गेला. रघुवीर वळला. शेडच्या आत गेला आणि रोह्याच्या ट्रंकेवर जाऊन बसला.

"जा तुम्ही आत," एवढंच म्हणाला.

ते गेले. जायलाच पाहिजे होतं. पण अन्वी गेली नाही. ती स्कूटर घेऊन दाराशी उभी राहिली.

"आजोबा, उद्या पपाला वॉटरमध्ये टाकणार?"

"हो."

"मग तो कुठं राहील?"

"नदीत."

"नदीत कुठं?"

आता या प्रश्नाचं उत्तर रघुवीरकडं होतं, आणि तेच वाईट होतं. त्याचा स्वतःचा बाप गेला तेव्हा हा हीथ्रोवर होता. तिकीट मिळून रोह्याला पोचला तोवर चुलत्यांनी सगळं उरकलं होतं. हा तसाच, बॅग न उघडता, कुंडलिकेच्या काठावर गेला. विचारलं, कुठं सोडल्या? एक चुलता म्हणाला, इथं. दुसरा म्हणाला, नाही रे, त्या दगडापाशी. तिसरा म्हणाला, काय फरक पडतो, पाणी थांबतंय का? हा दगडापाशी उभा राहिला. मग इथं उभा राहिला. एमआयडीसीकडून वारा सुटला होता, नाकात झोंबणारा अमोनियाचा वास. बाप आयुष्यभर तो वास शर्टात घेऊन घरी यायचा. रघुवीर त्या वाऱ्यात उभा राहून रडला. पाण्यात बाप नव्हताच, जो काही होता तो त्या वासात होता.

नकुल पहिल्यांदा योनावाहून परत आला होता ना, तेव्हा दारातच म्हणाला होता, "बाबा, तिथं आजोबांसारखा वास येतो. शपथ. लहानपणी सुट्टीत रोह्याला यायचा ना, तस्सा." रघुवीर हसला होता. म्हणाला होता, "तो वास सोडायला तर मी इंग्लंडला आलो. आता पैसे खर्चून परत घ्यायला जाऊ?" तो विषय तिथंच मिटला. त्या एका हशावर इतकी वर्षं निघाली.

आणि थेम्सच का, तर ऐका. धर्म बिर्म नंतर. घराच्या कोपऱ्यावरून रिचमंडला बस जाते. म्हाताऱ्याला फुकट पास आहे. डायलिसिस नसलेल्या दिवशी बसनं जायचं, काठावरच्या बाकावर बसायचं, पोराला भेटायचं, दुपारच्या जेवणाला घरी. त्याचा हिशोब एवढाच होता. योनावाला विमान जातं, पण आठवड्यातून तीनदा मशीनला बांधलेला माणूस, जो जिन्यावर दोनदा थांबतो, तो कसला जातो? डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, प्रवास विसरा. नकुल योनावाला गेला की त्याच्यासाठी नकुल दुसऱ्यांदा गेला.

"आजोबा?" अन्वी म्हणाली. "नदीत कुठं?"

"सांगता येत नाही, बाळा," तो म्हणाला. "पाणी पुढं जातं."

"आणि मोचुतेच्या इथं?" मोचुते म्हणजे तिची तिकडची आजी.

"तिथं एका जागी राहील."

"मग मला तिथं पाहिजे," ती म्हणाली, आणि स्कूटर भिंतीला टेकवून त्याच्या शेजारी ट्रंकेवर बसली. दोघं बराच वेळ फळीकडं बघत होते.

उजेड उतरायला लागला तशी आशाताई आली. अंगावर जाड कोट, हातात ताजा चहा. कप स्टुलापाशी ठेवायला वाकली आणि थांबली.

"अहो," म्हणाली, "गारठा पडलाय. आणा त्याला आत."

"अस्थी घरात—"

"ठाऊक आहे मला. आणा."

रघुवीर उठला. बरणी उचलायला गेला तर ज्या दंडावर डायलिसिसची शीर होती त्या हातानं वजन घ्यायची मनाई. दुसऱ्या हातानं छातीशी धरली. पोरगा जन्मला तेव्हा साधारण एवढाच होता वजनाला. अन्वीनं खालून एक हात लावला. उंबरठ्याशी तो थबकला, एक पाय उचललेला, जसा माणूस थंड पाण्यात शिरताना थबकतो. मग आत गेला.

फ्रंट रूममध्ये खिडकीशी, जिथं नकुल यायचा तेव्हा पाय पसरून बसायचा, त्या खुर्चीत बरणी ठेवली. आशाताईनं पणती लावली. रासानं पर्समधून काचेतली मेणबत्ती काढली, ती बरोबरच घेऊन आली होती, आणि पणतीवर पेटवली. ढोकळा अजून झाकलेलाच होता. वैभवीनं एकदाचा तो उघडला आणि एक तुकडा रासाच्या हातात दिला. माफी मागायची तिची तीच पद्धत.

"शार्दूल," रघुवीर म्हणाला, "बोटवाल्याला फोन कर. नको म्हणावं."

जिंकल्यासारखं कुणाचंच तोंड नव्हतं. रासा तर रडायला लागली, आता कशाला रडते कोण जाणे.

"एकच सांग," रघुवीर तिला म्हणाला. "जिथं आजी आहे तुझी. तिथपर्यंत कारखान्याचा वास येतो का?"

रासाला वाटलं, म्हातारा परत भांडणावर आला. "बाबा, मी चांगली जागा—"

"चांगली-वाईट नाही विचारत. येतो का?"

तिनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. "वारा त्या बाजूनं आला की," ती म्हणाली. "रोज नाही."

रासा गेली, अन्वी गेली, बरोबर आशाताईपण गेली. बरणी विमानात आशाताईनं मांडीवर घेतली. एक नोव्हेंबरला गाव लोकांनी भरलेलं, कबरस्तानभर मेणबत्त्या, आणि नकुल मातीत. तीन दिवसांत आशाताई एकटी परत आली, नवऱ्याचं डायलिसिस होतं. रघुवीरनं दारातच विचारलं, "वास आला?" ती म्हणाली, "मला सर्दी झाली होती हो, आणि तिथं मेणाचा वास एवढा." रासाला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "त्या दिवशी वारा दुसरीकडचा होता." अन्वीला विचारलं तर म्हणाली, "कसला वास, आजोबा?" पोरांना जिथं राहतात तिथला वास लागत नाही.

म्हातारा अजून बसनं रिचमंडला जातो. बाकावर बसतो. त्या पाण्यात त्याचं कुणी नाही. तरी जातो.

आता माझं मागणं. तुमच्यातले पुष्कळ जण फिरता, कामाधंद्याला युरोपात जाता. कधी त्या बाजूला गेलात, कौनासला उतरलात, तर तिथून योनावा लांब नाही. कबरस्तानात पाइनच्या झाडांखाली मराठी अक्षरांत नाव कोरलेला एकच दगड आहे, हुकायचा नाही. फुलं नका नेऊ. फोटो नका काढू, म्हातारा फोटो बघत नाही. कारखान्याकडून वारा येईपर्यंत तिथं उभे राहा. मग छाती भरून एक श्वास घ्या, आणि परत आलात की मला खरं काय ते सांगा. म्हाताऱ्याला मी सांगेन.